आठ नकार आणि एक बोलावणं



स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप आला तेव्हा मी आधी शाळेच्या आठवणीच लिहायला घेतल्या होत्या. प्रार्थनेची रांग, उन्हाळ्यातली सकाळची शाळा, पाण्याच्या टाकीवर बाटली भरण्यावरून होणारी भांडणं. पण ते तुम्ही सगळे लिहिणारच, आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहिणार. म्हणून मी एका अशा बाईंची गोष्ट सांगायचं ठरवलं, ज्यांचा आपल्या शाळेशी काहीही संबंध नाही. बीडशी मात्र थोडासा आहे. तो पुढे येईल.

ही गोष्ट मला सापडली ती आपल्या ग्रुपमुळेच. मागच्या वर्षी आपल्यातल्या एका मैत्रिणीनं रात्री उशिरा एक मेसेज टाकला होता. लेकीनं बारावीनंतर विमान चालवायचं शिक्षण घेतलं, दोनशे तासांचं उड्डाण पूर्ण केलं, सगळे पेपर काढले, वैद्यकीय तपासणी झाली, कमर्शियल पायलटचा परवाना हातात आला. त्यालाही दीड वर्ष होऊन गेलं, पण एकाही विमान कंपनीचं मुलाखतीला साधं बोलावणं नाही. शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झाले आहेत आणि पोरगी खोलीचं दार लावून बसते. आपण सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, होईल गं होईल म्हणालो. मी दुसऱ्या दिवशी फोन केला तर फोन पोरीनंच उचलला. तिनं मला एकच गोष्ट विचारली. अर्ज किती दिवस करत राहायचे असतात, हे तिला माहीत करून घ्यायचं होतं.

मला उत्तर आलं नाही. मी इंजिनिअर आहे, आकडा विचारला की आकडा द्यायची सवय आहे. पण हा आकडा माझ्याकडे नव्हता. मग सवयीप्रमाणे शोधायला बसले, की तिच्या आधी कुणीतरी हा रस्ता चालून गेलं असेलच. तेव्हा एक नाव समोर आलं, प्रेम माथूर. नाव वाचून मी आधी पुरुषच समजले होते. त्या भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक. प्रवासी विमान कंपनीत पगारी नोकरी करून विमान उडवणारी आपल्या देशातली पहिली बाई. शाळेत सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक अशी यादी आपण पाठ करायचो. त्या एका ओळीच्या मागे किती अर्ज आणि किती नकार असतात, ते त्या पुस्तकात नव्हतं.

प्रेम माथूर यांचा जन्म अलीगढचा. वाढल्या आणि शिकल्या अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला. तिथल्या अॅनी बेझंट शाळेत शिक्षण, मग युइंग ख्रिश्चन कॉलेज आणि अलाहाबाद विद्यापीठाची पदवी. त्या काळात घरातली मुलगी पदवीधर होणं हीच केवढी मोठी गोष्ट. आपल्या आज्या-पणज्यांचा काळ डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल.

पण अलाहाबाद हे विमानांच्या बाबतीत साधं गाव नव्हतं. जगातलं पहिलं अधिकृत विमान टपाल याच गावातून उडालं. १८ फेब्रुवारी १९११ ला आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकानं सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत उड्डाण केलं होतं. पुढे तीसच्या दशकात लंडनहून पूर्वेकडे जाणारी विमानं दिल्ली आणि कलकत्त्याच्या मध्ये अलाहाबादला उतरू लागली. आपल्याकडे वर आवाज आला की आपण मैदानात थांबून आकाशात बघायचो आणि विमान ढगात जाईपर्यंत हात हलवायचो. तिथल्या मुलांना विमान जमिनीवर उभं असलेलं दिसत होतं, त्यातून माणसं उतरताना दिसत होती.

प्रेम माथूर यांच्या घरातही विमान शिरलेलं होतं. त्यांच्या भावाचा व्यवसाय विमानाची इंजिनं खोलून, दुरुस्त करून पुन्हा जोडून देण्याचा होता. अलाहाबादला फ्लाइंग क्लब होता. तिथे कॅप्टन अटल यांच्या हाताखाली त्यांनी विमान चालवायला सुरुवात केली. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या घरात ट्रॅक्टर दुरुस्त होतो, त्या घरातल्या पोरीला ट्रॅक्टरची भीती वाटत नाही. इंजिन हे कुणी वरून टाकलेलं गूढ नाही, ते नटबोल्टनं जोडलेलं यंत्र आहे आणि आपल्याला समजू शकतं, हे लहानपणी दिसलं पाहिजे. आपल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा बिघडलेला टेबल फॅन वर्गात आणून सगळ्यांसमोर उघडला होता, आठवतंय का? माझं इंजिनिअरिंग मी तिथपासून मोजते.

स्त्रीनं विमान उडवणं हे तेव्हा अगदीच न ऐकलेलं होतं असं नाही. १९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं होतं. तासन्‌तास उड्डाण करून त्या व्यावसायिक परवान्याच्या तयारीलाही लागल्या होत्या. पण १९३९ मध्ये त्यांचे वैमानिक पती अपघातात गेले, त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, नागरी प्रशिक्षण बंद पडलं आणि तो रस्ता तिथेच थांबला. हौस म्हणून बाईनं विमान उडवलं तर लोक कौतुक करत, वर्तमानपत्रात फोटो छापत. पण तेच काम ती पगारावर मागायला लागली की प्रश्न वेगळा व्हायचा.

१९४७ मध्ये प्रेम माथूर यांच्या हातात व्यावसायिक परवाना आला. साल तर उत्तमच होतं. महायुद्ध संपलेलं, लष्करानं वापरलेली डकोटा विमानं स्वस्तात विक्रीला निघालेली आणि ती घेऊन देशात एकामागून एक विमान कंपन्या उभ्या राहिलेल्या. वरवर पाहिलं तर नोकऱ्याच नोकऱ्या. पण युद्ध संपलं तसे हवाई दलातून मोकळे झालेले अनुभवी वैमानिकही नोकरी शोधत होते. म्हणजे रांग लांब होती, आणि त्या रांगेत त्या एकट्या बाई होत्या.

त्यांनी अर्ज करायला सुरुवात केली. एका कंपनीनं नकार दिला. दुसरीनं दिला. तिसरीनं दिला. असे एकूण आठ नकार आले.

कारणं ऐकाल तर त्यात त्यांच्या विमान चालवण्याबद्दल तक्रार नाही. परवाना खोटा आहे किंवा हात कच्चा आहे, असं नाही. विमान बाई चालवते आहे असं कळलं तर प्रवासी घाबरतील, अशा धर्तीचं कारण त्यांना दिलं गेलं. म्हणजे दोष कुणाचा, तर न भेटलेल्या प्रवाशांच्या मनात असलेल्या भीतीचा. आणि त्याची शिक्षा कुणाला, तर अर्ज करणारीला.

इथे मला थोडं स्वतःबद्दल सांगू द्या. इंजिनिअरिंग झाल्यावर मी एसटीनं पुण्याला जाऊन मुलाखती द्यायचे. रात्रीची गाडी, पहाटे स्वारगेटला उतरायचं, तिथेच तोंड धुऊन, प्लॅस्टिकच्या फाइलमधली सर्टिफिकेटं पुन्हा एकदा मोजून कंपनीच्या दारात जायचं. एका ठिकाणी तांत्रिक प्रश्न सगळे बरोबर आले. शेवटी विचारलं गेलं, की लग्न कधी करणार आणि केलं की नोकरी सोडणार का. दुसऱ्या एका ठिकाणी माझं इंग्रजी ऐकून समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. परतीच्या गाडीत मी ठरवायचे, की आपण प्रोग्रॅमिंगमध्येच कमी पडलो. ही सगळ्यात वाईट चूक. ज्या कारणासाठी नकार मिळाला ते कारण आपल्या हातातलं नसतं, पण आपण ते स्वतःच्या अंगावर घेतो आणि हळूहळू जे चांगलं येतं तेही सोडून देतो.

प्रेम माथूर यांनी ते केलं नाही. आठ नकारांनंतर परवाना पेटीत ठेवून त्या घरी बसल्या असत्या तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. उलट लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असता. त्यांनी नववा अर्ज केला.

तो अर्ज गेला हैदराबादला, डेक्कन एअरवेज या कंपनीकडे. आणि इथेच आपला बीडचा संबंध येतो. आपण हैदराबाद म्हटलं की आज दुसऱ्या राज्याची राजधानी समजतो. पण १९४७ मध्ये बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्या आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत असायचे ते त्यामुळेच. डेक्कन एअरवेज ही त्या संस्थानची विमान कंपनी. १९४५ मध्ये निजाम स्टेट रेल्वे आणि टाटा यांनी मिळून ती काढली आणि १९४६ पासून तिची विमानं उडू लागली. मुक्काम हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर. निजामाच्या रेल्वे खात्याकडेच संस्थानच्या बसगाड्याही होत्या, १९३२ पासून. म्हणजे परळीला येणारी आगगाडी, रस्त्यावरची बस आणि आकाशातलं विमान, हे सगळं एकाच रेल्वे खात्याच्या पदराखालचं.

त्या डेक्कन एअरवेजनं प्रेम माथूर यांना मुलाखतीला बोलावलं. त्या हैदराबादला गेल्या, मुलाखत दिली आणि सहवैमानिक म्हणून निवडल्या गेल्या. देशभरातल्या आठ कंपन्यांना जे जमलं नाही ते आपल्या संस्थानातल्या कंपनीनं केलं. ज्या भागाला आपणच मागासलेला म्हणत आलो, त्या भागातल्या कंपनीनं. मला हे वाचून इतकं बरं वाटलं की मी तेव्हाच घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं. मुलानं मान वर न करता बरं म्हटलं, तो भाग सोडा.

हे किती मोठं होतं ते कळण्यासाठी अमेरिकेकडे बघावं लागतं. तिथे हेलन रिची नावाच्या बाईंना १९३४ मध्ये सेंट्रल एअरलाइन्सनं सहवैमानिक म्हणून घेतलं. पण वैमानिकांच्या संघटनेनं त्यांना सभासद करून घ्यायला नकार दिला, हवामान खराब असेल तेव्हा त्यांना उडू दिलं जात नसे आणि वर्षभरात त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यानंतर अमेरिकेतल्या नेहमीच्या प्रवासी सेवेत पुन्हा बाई वैमानिक दिसायला १९७३ साल उजाडलं. आपल्याकडे १९४७ मध्येच ते झालं होतं.

नोकरी मिळाली म्हणजे गोष्ट संपली, असं सिनेमात होतं. खऱ्या आयुष्यात दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जावं लागतं. त्यांचं काम डकोटा विमानावर होतं. डकोटा म्हणजे दोन इंजिनांचं, साधारण बारा-बाराशे अश्वशक्तीचं, वीस-पंचवीस माणसं नेणारं विमान. शेपटीखाली एक छोटं चाक, त्यामुळे जमिनीवर उभं असताना नाक वर आणि शेपटी खाली. प्रवाशाला मागच्या दारातून चढून स्वतःच्या खुर्चीकडे चढावरून चालत जावं लागे. अशा विमानाचं नाक वर असल्यामुळे जमिनीवर वैमानिकाला समोरचं नीट दिसत नाही आणि उतरताना जरा दुर्लक्ष झालं की शेपटी फिरते. वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. आजच्या विमानासारखी हवेच्या दाबाची सोय नाही, म्हणून फार उंच जाता येत नसे. ढगांच्या वरून जाण्याऐवजी पावसाळ्यात ढगांतूनच वाट काढावी लागे. आज वैमानिकाला समोरचं वादळ पडद्यावर दिसतं. तेव्हा नकाशा, घड्याळ, होकायंत्र, रेडिओ आणि डोळे.

असं विमान ढकलायला ताकद लागते, ती बाईकडे कुठून येणार, अशी शंका घेणाऱ्यांना उत्तर द्यायची जागा हीच होती. आणि ते उत्तर बोलून देता येत नाही. रोज वेळेवर उडून, वेळेवर उतरूनच देता येतं. कंपनीत असताना आणि पुढच्या काळात त्यांच्या विमानातून लेडी माउंटबॅटन, इंदिरा गांधी, लाल बहादूर शास्त्री अशा लोकांनी प्रवास केला. प्रवासी घाबरतील म्हणून ज्यांना नकार दिला होता, त्यांच्या हाती देशातली सगळ्यात जपून न्यायची माणसं सोपवली गेली. घाबरणारा प्रवासी बहुधा मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यातच बसलेला होता.

त्याच काळात आपल्या भागातही काय काय घडत होतं ते तुम्हाला इतिहासाच्या तासापासून पाठ आहे. संस्थान भारतात यायला तयार नाही, रझाकारांचा जाच, गावोगावी मुक्तिसंग्राम. मग सप्टेंबर १९४८ मधली पोलीस कारवाई आणि १७ सप्टेंबरला मुक्ती. संस्थान गेलं, पण विमान कंपनी टिकली.

१९४९ मध्ये प्रेम माथूर यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. हे मी मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते वाचताना ही गोष्ट लक्षात राहिली पाहिजे.

सहवैमानिक म्हणून ठरलेले तास पूर्ण झाल्यावर त्यांनी पुढची गोष्ट मागितली. विमानाची सूत्रं स्वतःकडे, म्हणजे मुख्य वैमानिकाची, कॅप्टनची जागा. ज्या कंपनीनं त्यांना घ्यायचं धाडस केलं होतं, तिनं इथे पाय मागे घेतला. शेजारच्या खुर्चीत बाई चालते, पण प्रमुख म्हणून नाही. आठ कंपन्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं. नवव्या कंपनीनं आत घेतलं, पण ओसरीपर्यंतच.

माझ्या मते हा नववा नकार पहिल्या आठांपेक्षा जास्त लागणारा आहे. पहिले आठ अनोळखी माणसांनी दिले होते. हा अशा लोकांनी दिला, ज्यांनी त्यांचं काम रोज पाहिलं होतं. आपल्यापैकी ज्या मैत्रिणी शाळांमध्ये, बँकांमध्ये, दवाखान्यांमध्ये, पंचायत समितीत नोकरी करतात, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. काम सगळं करून घ्यायचं आणि सहीची वेळ आली की कागद दुसऱ्याकडे द्यायचा, हे आपण पाहिलेलं आहे.

त्यांनी मग काय केलं? रडारड नाही, आणि कडवट होऊन उडणं सोडणंही नाही. त्या हैदराबाद सोडून दिल्लीला गेल्या आणि उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांच्या खासगी विमानाच्या वैमानिक झाल्या. हे वाचून कुणी म्हणेल, की प्रवासी कंपनी सोडून शेटजींचं विमान, म्हणजे मागेच गेल्या. पण मी याकडे वेगळ्या नजरेनं बघते. वैमानिकाची कमाई त्याच्या उड्डाणाच्या वहीत असते. किती तास, कोणतं विमान, दिवसा की रात्री, सगळं तिथे नोंदलेलं. ती वही रिकामी राहायला लागली की हात जातो आणि परवानाही जातो. त्यांनी वही रिकामी राहू दिली नाही. मनासारखी खुर्ची मिळेपर्यंत मिळेल त्या खुर्चीत बसून त्या उडत राहिल्या.

१९५३ मध्ये सरकारनं विमान वाहतूक आपल्या ताब्यात घेतली. देशातल्या खासगी कंपन्या एकत्र करून १ ऑगस्ट १९५३ ला इंडियन एअरलाइन्स सुरू झाली. तिच्यात विलीन झालेल्या कंपन्यांची संख्या मी मोजली तर ती भरली आठ, आणि त्यांत डेक्कन एअरवेजही होती. नकार देणारे आठ आणि हे आठ एकच असं मी म्हणणार नाही, पण आकडा बघून हसू आलं. त्याच वर्षी प्रेम माथूर इंडियन एअरलाइन्समध्ये रुजू झाल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. अंकलिपी संपवून नुकतीच धड्यांची पुस्तकं हातात आली होती आणि यातलं काहीही आपल्याला ठाऊक नव्हतं.

त्यांच्या मागून ज्या आल्या, त्यात आपल्याला अभिमान वाटावा असं एक मराठी नाव आहे, कॅप्टन सौदामिनी देशमुख. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला गेलं, त्यात कॉकपिटपासून केबिनपर्यंत सगळ्या महिला होत्या आणि कॅप्टनच्या खुर्चीत सौदामिनी देशमुख होत्या, शेजारी निवेदिता भसीन. जी खुर्ची डेक्कन एअरवेजनं प्रेम माथूर यांना नाकारली होती, तीच ही. मध्ये साधारण पस्तीस वर्षं गेली. आज भारतातल्या वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. प्रवासी घाबरून विमानातून उतरून गेले, असं काही झालेलं नाही.

आता आपल्या मैत्रिणीच्या लेकीच्या प्रश्नाकडे येते. अर्ज किती दिवस करत राहायचे?

आकडा अजूनही माझ्याकडे नाही. प्रेम माथूर यांना नऊ लागले, तुला वीस लागतील, कदाचित चाळीस. नऊ अर्ज केले की नोकरी मिळतेच, असा याचा अर्थ कुणी काढू नये. तसं सांगणं म्हणजे पोरीला फसवणं आहे. डेक्कन एअरवेजमध्ये कुणीतरी त्यांना बोलवायचं ठरवलं नसतं, तर नववा अर्जही आठांसारखाच परत आला असता, आणि आज मला लिहायला हे नावही सापडलं नसतं. अशा किती बाया आठव्या, दहाव्या, पंधराव्या नकारानंतर थांबल्या असतील, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. त्या कमी जिद्दीच्या होत्या असं मी मानत नाही.

पण एवढं मात्र या गोष्टीतून दिसतं, की नवव्या ठिकाणाहून बोलावणं आलं त्या दिवशी प्रेम माथूर तयार होत्या. आठ नकारांनी त्यांचा हात गंजला नव्हता. तेव्हा पोरी, अर्ज करत राहा, पण नुसते अर्ज करत बसू नकोस. तुझी वही चालू ठेव. उड्डाण महाग आहे, हे मला माहीत आहे. रोज विमान परवडत नाही. पण ग्राउंड इन्स्ट्रक्टर म्हणून शिकव, सिम्युलेटरवर जमेल तितके तास कर, वैद्यकीय तपासणी आणि परवान्याच्या मुदती चुकू देऊ नकोस, हवामानाचं पुस्तक पुन्हा काढ. आणि नकाराचं कारण तुझ्या हातातलं आहे की त्यांच्या डोक्यातलं, हे दर वेळी वेगळं करून बघ. हातातलं असेल तर दुरुस्त कर. डोक्यातलं असेल तर ते त्यांच्याकडेच राहू दे.

आणि एक गोष्ट आपल्या वयाच्या सगळ्यांसाठी. आता आपण अर्ज करणाऱ्यांच्या रांगेत नाही. आपल्यातले बरेच जण टेबलाच्या पलीकडे बसतात. कुणी मुख्याध्यापक, कुणी बँकेत मॅनेजर, कुणाचं स्वतःचं दुकान, कुणाचा कारखाना. मीही मुलाखती घेते. काही वर्षांपूर्वी लातूरकडची एक मुलगी आली होती. प्रोग्रॅम तिनं उत्तम लिहिला होता, पण इंग्रजी बोलताना अडखळत होती. परदेशातल्या ग्राहकाला ती आवडणार नाही, असं म्हणून मी तिला नको म्हटलं. त्या ग्राहकाला मी विचारलंसुद्धा नव्हतं. प्रेम माथूर यांची गोष्ट वाचताना ती मुलगी डोळ्यांसमोर आली. एसटीनं आलेली, प्लॅस्टिकची फाइल घेऊन बसलेली. मी तिच्यासाठी आठांतली एक कंपनी झाले होते. हे लिहायला जड जातंय, पण आपल्या माणसांत नाही लिहायचं तर कुठे लिहायचं.

आपल्या बाई आणि सरांनी आपल्याशी असं केलं नव्हतं. ज्याला येत नाही त्याला फळ्यापाशी बोलवायचे, चुकलं तरी पुन्हा बोलवायचे. आपण सगळे त्या बोलावण्यावर इथपर्यंत आलो. आपल्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे यायला २०२५ साल उजाडलं, पण तिथली एक पोरगी विमान चालवायला शिकून बसली आहे. तिला बोलावणं येईल तेव्हा स्नेहसंमेलनाच्या ग्रुपवर सगळ्यात आधी तिच्या आईचा मेसेज येईल. तोपर्यंत तिच्या अर्जांवर आपण लक्ष ठेवू, आणि आपल्या टेबलावर कुणाचा अर्ज पडला आहे, तोही जरा नीट वाचू.

सर्व गुरुजनांना साष्टांग नमस्कार. कार्यक्रमात भेटूच.

तुमचीच वर्गमैत्रीण
(संगणक अभियंता, सध्या मुक्काम पुणे)